गाडा परतवला

“वॉर्ड ऑफ म्हणजे काय?” मी विचारलं, आणि दहावीच्या एकतीस पोरांनी फळ्याकडं बघायचं सोडून आपापल्या पायांकडं बघायला सुरुवात केली.

फळ्यावर पाच शब्द लिहिले होते. रिपेल, रेझिस्ट, वॉर्ड ऑफ, कीप आउट, ड्राइव्ह बॅक. पाचांचा मतलब एकच, नको असलेलं लांब ठेवायचं. एवढ्याशा कामाला इंग्रजांना पाच शब्द कशाला लागतात, हे आमच्या कुसबावीच्या पोरांना पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. पण बोर्डाच्या परीक्षेत येत होते, तेव्हा शिकवणं भाग होतं.

एकच हात वर होता, वैजंता मेटकरीचा. तिची हात वर करायची एक तऱ्हा होती. कोपर ताठ, एकच बोट वर, आणि दुसऱ्या हातानं दंड घट्ट धरलेला, जणू सोडला तर हात पळून जाईल. वर्गातली ती एकटी मुलगी. रोज धायगावाहून चार मैल चालत यायची आणि तरी सगळ्यांच्या आधी बाकावर असायची.

“वॉर्ड ऑफ म्हंजे संकट येऊ न देणं, सर.”

“बरोबर. आणि कीप आउट?”

“माणसाला आत येऊ न देणं.”

“शाब्बास. बस.”

ती बसली नाही. “सर, माणूसच आजारी असला तर?”

“तर काय?”

“तर लांब कुणाला ठेवायचं? आजाराला का माणसाला?”

पोरं खिदळली. मीही हसलो. असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत, असं सांगून मी तिला खाली बसवलं. तेवढ्यात शिपाई हेडमास्तरांची चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला. धायगावच्या सगळ्या मुलांना ताबडतोब घरी सोडावं, पुढची सूचना मिळेपर्यंत शाळेत येऊ देऊ नये.

त्र्याऐंशी सालचा आषाढ होता तो. धायगावात पटकी लागली होती आणि चार दिवसांत सहा माणसं गेली होती. आमच्या पंचांनी हेडमास्तरांना गाठून चिठ्ठी लिहून घेतली होती. वैजंतानं मुकाट्यानं वह्या पिशवीत भरल्या. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो.

“सर, धडा बुडंल माझा.”

“मी भरून काढीन.”

“आन मधीच काय अडलं तर?”

“तर शिवेवर ये आणि हाक मार. मी येतो.”

म्हणायचं म्हणून म्हटलं मी. मास्तरांच्या तोंडात असली वाक्यं तयारच असतात. पण तिनं मान डोलावली, वहीत उतरवून घेताना डोलवायची तशी, आणि उन्हात चालू लागली.

आता गाडा म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण हल्लीच्या लोकांना ते ठाऊक नाही. आमच्या भागात साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे. लहानसा दोन चाकी गाडा, त्यात आईची लाकडी मूर्ती. तिला हिरवं लुगडं नेसवायचं, भोवती कडुलिंबाचे डहाळे खोचायचे, पायाशी लिंबू आणि कोंबडी ठेवायची, आणि गाडा ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेत सोडून यायचं. गाड्याबरोबर साथही गेली असं समजायचं. गाड्याला बैल जुंपत नसत, माणसंच ओढत. ज्यांच्या शिवेत तो सापडेल त्यांनी तो पुढं ढकलायचा, नाही तर साथ त्यांची. या एका गोष्टीपायी शेजारशेजारची गावं एकमेकांच्या जिवावर उठायची.

तीन वर्षांपूर्वी धायगावकरांनी असाच भरदुपारी गाडा आणून आमच्या शिवेत सोडला होता. त्या पंधरवड्यात कुसबावीत अकरा माणसं गेली. त्यातलं एक माझं पोरगं होतं, अकरा महिन्यांचं. शिवलिंग नाव ठेवलं होतं.

पोरगं पाण्यानं गेलं हे मला पक्कं ठाऊक होतं. एकाच ओढ्यातले झरे दोन्ही गावं पीत होती. पण हे शहाणपण मी कुणापाशी पाजळणार? गाडा आला म्हणून तेव्हा गाव शिवेवर धावलं होतं आणि मी सोप्यात बसून त्यांची टिंगल करत होतो. माझी बायको कलावती ते विसरली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी ती गौराला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसली होती. गौरा आमची दुसरी, तेव्हा दहा महिन्यांची. तिच्या गळ्यात, दंडात, कमरेला मिळून सात ताईत होते.

“उद्या मंगळवार हाय,” कलावती म्हणाली. “उद्या त्ये गाडा काढणार.”

“शाळा आहे मला.”

“शाळा मरू द्या. गावातला येक बाप्या घरात ऱ्हाणार न्हाय उद्या.”

“अगं, साथ गाड्यातनं येत नाही. पाण्यातनं येते. मी तुला उकळून—”

“तवाबी हेच म्हणलावता.” तिनं आवाज चढवला नाही. “तवा तुमी हसत बसलावता. मी न्हवते हसले.”

ती उठली, गौराला माझ्या मांडीवर ठेवलं आणि खुंटीवरची माझी गोफण काढून माझ्यापुढं टाकली. वडलांनी वळून दिलेली गोफण होती ती. लहानपणी आठ वर्षं मी जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभा राहून पाखरं राखली होती. शंभर पावलांवरचं कणीस दाखवा आणि गोटा त्यावरच बसतो की नाही बघा, अशी माझी ख्याती होती. पुढं इंग्रजी शिकलो तरी हात विसरला नव्हता. गौरा गोफणीची दोरी तोंडात घालून चोखायला लागली. ही जगली पाहिजे, एवढं एकच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. बाकीची सगळी अक्कल मी त्या रात्री बाजूला ठेवून दिली.

मंगळवारी सकाळी ओढ्याच्या अलीकडं गाव गोळा झालं. शिवेवर रस्त्यात बाभळीच्या काट्या टाकून कंबरभर उंचीचा बांध घातला होता. पन्नासेक माणसं, हातांत काठ्या, कुऱ्हाडी, दगडांचे ढीग. साथीची हवा लागू नये म्हणून प्रत्येकानं तोंडाला कापराची वडी घालून टॉवेल गुंडाळला होता. मीही गुंडाळला. धोतरं आणि पटक्यांच्या त्या गर्दीत पॅंट घातलेला मी एकटा होतो.

“मास्तर आलं,” महिपती पाटील म्हणाले. शिवेवरचा कारभार त्यांच्याकडं होता. “आता काय भ्या न्हाय. शिकल्याली माणसंबी आपल्या बाजूनं हायत.”

मला बरं वाटलं. गावानं मला आपल्यातलं म्हणायला सहा वर्षं घेतली होती.

दुपारी बाराच्या सुमाराला पलीकडच्या चढावर गाडा दिसला.

आधी नुसती धूळ होती. मग दोन माणसं दिसली, पुढं वाकून दोर ओढणारी. बैल नव्हता. मागं दोन चाकी छोटा गाडा, चारी कोपऱ्यांना कडुलिंबाचे डहाळे खोचलेले, आणि मधोमध हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली आकृती. लुगड्याची जर उन्हात चमकत होती. आमच्यात आता कसलीच शंका उरली नाही.

“आली,” कुणीतरी म्हणालं आणि हलगी कडाडायला लागली. दोन हलग्या, एक ढोल, वर पन्नास गळे. पलीकडची माणसं हात हलवून काहीतरी ओरडत होती, पण त्या कल्लोळात आपलं आपल्यालाही ऐकू येत नव्हतं.

“माघारी फिरा,” पाटील बेंबीच्या देठापासून ओरडले. “येक पाऊल पुढं टाकलं तर जिता जाऊ देणार न्हाय.”

गाडा उतरत राहिला. आमच्याकडून पहिले दगड गेले ते ओढ्यातच पडले. हातानं फेकलेला दगड तिथवर पोचत नव्हता. पाटलांनी माझ्याकडं बघितलं. मी वाकलो, ओढ्यातला गुळगुळीत गोटा निवडला, गोफणीत भरला आणि डोक्यावर तीन वेढे दिले.

गोटा डावीकडच्या माणसाच्या छातीत बसला. तरणा गडी होता. तो जागच्या जागी गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. गाडा थांबला. आमच्या लोकांनी आरोळी दिली आणि माझी पाठ थोपटली. कुणी थोपटली ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्या वेळी ते सुख वाटलं हे खरं.

दुसरा माणूस गाडा वळवायला लागला होता. अगदी वळवतच होता. तेवढ्यात गाड्यातलं लुगडं हललं. आतली आकृती उठून बसली, कठड्याला धरून उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

हलगी थांबली.

“आई उठली,” माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला आणि मटकन खाली बसला. “आईनं हात उचलला.”

कुणी रस्त्यावर नाक घासू लागलं, कुणी पळत सुटलं. ती आकृती काहीतरी ओरडली. एकच शब्द, दोनदा. मग तिनं वाकून गाडा ओढणाऱ्याला काहीतरी सांगितलं, आणि त्या माणसानं गाडा पुन्हा आमच्या दिशेनं केला. खाली पडलेला गडीही छाती धरून उठला. दोघांनी दोर ओढला आणि गाडा सरळ आमच्यावर चालून येऊ लागला, मघापेक्षा वेगानं.

“काय म्हणतीया ती?” पाटलांनी माझा दंड धरला. “मास्तर, तुमचं कान तिखट हायत. काय म्हणाली?”

“ऐकू आलं नाही,” मी म्हणालो.

“मग मारा की. मारा, मास्तर, गाडा वड्यात उतरला तर सपलं.”

मी दुसरा गोटा भरला. या वेळी चार वेढे दिले. गोटा उजवीकडच्या माणसाच्या डोळ्यावर बसला. त्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. तो तोंडावर पडला, दोर सुटला, गाडा एका चाकावर कलंडला आणि हिरवी आकृती धोंड्यांत जाऊन पडली.

मग कुणाला आवर राहिला नाही. पोरंटोरं काट्यांवर चढून ओढ्यात उतरली आणि हाताला येईल ते फेकू लागली. त्या दोघांच्या अंगावर, गाड्यावर, त्या हिरव्या ढिगावर. एका पायजम्यातल्या गड्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तरण्याला पाठीवर तीन वेळा हाणलं आणि हवा लागेल या भीतीनं पळत परत आला. ज्याच्या डोळ्यातून रक्त चाललं होतं त्यानं चाचपडत लुगड्याचा ढीग उचलला, पाठीशी बांधला आणि चढ चढू लागला. गाडा तिथंच राहिला. आम्ही दुरून पेटते बोळे टाकून तो जाळला.

संध्याकाळपर्यंत गावात गुलाल होता. कलावतीनं मला दारातच ओवाळलं.

दिवेलागणीला दवाखान्याचा कंपाउंडर सायकलवरून पाटलांच्या दारी आला. दवाखाना आमच्याच गावात होता, शिवेपासून अर्ध्या मैलावर. धायगावात नव्हता. सकाळीच त्याला निरोप आला होता की बिरा मेटकरी आपल्या पोरीला घेऊन येतोय, सलाइन तयार ठेवा. त्यानं दिवसभर बाटली टांगून ठेवली होती. कुणी आलंच नाही, तेव्हा चौकशीला निघाला होता.

बाकीचं मागाहून कळलं. धायगावात आजाऱ्याला न्यायला बैल कुणी दिले नव्हते. बिरानं आणि त्याच्या भावानं पाण्याच्या पिंपाचा गाडा रिकामा केला, त्यात पोरीला बसवलं आणि स्वतःला जुंपून घेतलं. ऊन लागू नये म्हणून डहाळे खोचले होते. आणि लुगडं पोरीच्या आईचं होतं. आई तीन दिवसांपूर्वीच गेली होती.

दुसऱ्या वाटेनं दवाखाना अकरा मैल होता. बिरा तिला पाठीवर घेऊन निघाला तो निम्म्यातच खाली बसला. पोरगी पाठीवरच गेली होती.

पाटील सोप्यात खांबाला टेकून कितीतरी वेळ बसले होते. कठीण काळजाचा माणूस, पण टॉवेलात तोंड घालून रडला. “कुणाला म्हाईत हुतं, मास्तर?” ते म्हणाले. “तुमीच सांगा. कुणाला तरी म्हाईत हुतं का?”

“नाही,” मी म्हणालो. “कुणालाच नव्हतं.”

मला होतं.

हात वर झाला तेव्हाच मला कळलं होतं. कोपर ताठ, एकच बोट वर, दुसऱ्या हातानं दंड धरलेला. आणि ती जे दोनदा ओरडली तेही मला चांगलं ऐकू आलं होतं. अख्खं गाव मला मास्तर म्हणायचं. सर म्हणणारी फक्त शाळेतली पोरं होती. पाटलांनी विचारलं तेव्हा, हा गाडा नाही, ही माझी वैजंता आहे, एवढं म्हणायला मला एका श्वासाचा वेळ पुरला असता. त्या श्वासात मला गौरा दिसली, गोफणीची दोरी चोखणारी. पटकी गाड्यात नसते हे मला ठाऊक होतं, पण ती वैजंताच्या पोटात होती. म्हणून मी गोटा भरला. गावाची चूक झाली. माझी चूक झाली नव्हती.

पुढं निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ते पाच शब्द आले. मी फळ्यावर अर्थ लिहायचो आणि पुढच्या धड्याकडं वळायचो. वाक्यात उपयोग कधी विचारला नाही.

त्या गोष्टीला दहा वर्षं होऊन गेल्यावर एकदा सांगोल्याच्या एसटी स्टँडवर गौराला घेऊन उभा होतो. ती अकरा वर्षांची झाली होती, तिला चष्मा लागला होता, आणि तो करून आम्ही परत निघालो होतो. पेरूची पाटी घेऊन एक माणूस समोर आला आणि थांबला. त्याचा उजवा डोळा शिवल्यासारखा मिटलेला होता.

“वळखलं का, मास्तर? बिरा मेटकरी. वैजंताचा बा.”

मी नुसती मान हलवली.

त्यानं पाटी खाली ठेवली आणि गौराच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरगी व्हय तुमची? गुणाची दिसती.” मग माझ्याकडं वळला. “तुमाला येक सांगायचं लई दिस मनात हुतं. त्या दिशी पयला गोटा बसला तवाच मी गाडा माघारी फिरवत हुतो. पर पोरगी उठली. म्हणाली, आण्णा, सर हायत तितं. मला दिसलं. त्येनी सांगितलंय, हाक मार, मी येतो. वडा गाडा. म्हणून आमी पुढं गेलो. न्हाय तर गेलो नसतो.”

स्टँडवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती. मी ती ऐकत असल्यासारखं केलं.

“तापात बरळली आसंल,” बिरा म्हणाला. “तुमी कशाला आसताय त्या आडदांडांत. तरीबी म्हणलं, येकदा इचारावं.”

“मी सोलापूरला गेलो होतो त्या दिवशी,” मी म्हणालो. “शाळेच्या कामाला.”

“त्येच म्हणलं मी. तुमी आसता तर आला आसता.”

गौरा इतका वेळ माझं बोट धरून ऐकत होती. तिला लहानपणापासून आई झोपताना एक गोष्ट सांगत आली होती, आणि ती गोष्ट तिला फार आवडायची.

“नाही हो बाबा, विसरलात का?” ती म्हणाली. नव्या चष्म्यातून तिनं आधी माझ्याकडं आणि मग बिराकडं अभिमानानं बघितलं. “त्या दिवशी बाबा शिवेवरच होते. सगळ्यांचे दगड ओढ्यात पडले, पण माझ्या बाबांनी गोफणीनं दोनच गोटे मारले आणि गाडा परतवला. माझ्यासाठी.”

बिराचा हात तिच्या डोक्यावर होता. तो त्यानं लगेच काढला नाही. माझ्या तोंडाकडंही बघितलं नाही. त्याचा उरलेला डोळा माझ्या उजव्या हातावर होता, आणि मी तो हात खिशात घातला.

खाली वाकून त्यानं पाटीतला एक पेरू निवडला, धोतराला पुसला आणि गौराच्या ओंजळीत ठेवला.

“खा, बाळा,” तो म्हणाला. “धुऊन खा.”